गिटारीची मान आणि सरसाचा सांधा

भिवंडीच्या आमच्या धर्मग्रामात एक गिटार होती. एका कुटुंबातील मुलाने आखातातील नोकरीच्या पहिल्या कमाईतून १९७८ साली ती चर्चच्या गायनवृंदाला भेट दिली होती. पंधरा-सोळा वर्षे तिने नाताळची गाणी म्हटली, पास्काच्या रात्री साथ केली, लग्ने लावली आणि दफनविधीही पाहिले. मग तिच्या तारा हळूहळू पडद्यांपासून वर उठू लागल्या. आधी मुलांची बोटे दुखू लागली. पुढे वरच्या पडद्यांवरचे सूर चढे लागू लागले आणि अखेर मुलांनी ती हातात घेणेच सोडून दिले. गायनवृंदाच्या मास्तरांनी आणि मी मिळून तिच्यावर जो उपचार केला, तो आठवला की आजही मान खाली जाते. ती चूक नेमकी काय होती, हे समजून घेण्यासाठी मी एका लहानशा सांध्याचा इतिहास धुंडाळू लागलो. तोच या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

उपचार असा केला. गिटारीची मान जिथे धडाला मिळते, तिथे कागद जाईल एवढी फट दिसत होती. सांधा सैल झाला आहे, तो घट्ट केला की झाले, असा आम्ही निष्कर्ष काढला. यंत्रमागाचे लाकडी भाग दुरुस्त करणारे एक कुशल मिस्त्री आमच्या परिचयाचे होते. त्यांना या वाद्याची माहिती नव्हती आणि त्यांनी तसे सांगितलेही. आम्हीच आग्रह धरला. मानेच्या टाचेतून आत लांब स्क्रू गेला, फटीत दोन नळ्यांतले रसायन कालवून भरले गेले, आणि सांधा दगडासारखा झाला. दोन पावसाळे उलटले. तारा पूर्वीपेक्षा वर आल्या आणि टाचेशी लाकूड उभे चिरले. सांधा शाबूत होता, पण गिटार मोडली होती.

मुळात दोष कोणता होता, हे आधी पाहिले पाहिजे. गिटारीच्या पोलादी तारा सुरात लावल्या की त्या सहा मिळून सुमारे सत्तर किलोच्या ओझ्याइतका ताण निर्माण करतात. एक प्रौढ माणूस अहोरात्र त्या मानेला लोंबकळत आहे, अशी कल्पना करावी. या ताणाने दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि आम्ही नवशिके त्यांची गल्लत करीत होतो. पहिली गोष्ट म्हणजे मानेची पट्टी स्वतःच धनुष्यासारखी वाकते. तिच्यावर उपाय मानेच्या पोटात असतो, एक पोलादी सळई. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा फिरवता येणाऱ्या सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. दुसरी गोष्ट अधिक सावकाश घडते. वर्षानुवर्षांच्या ओढीने धडाचे पातळ लाकूड घोडीपाशी फुगते, मानेपाशी आत दबते, आणि मान व धड यांमधला कोन बदलतो. मान सरळच असते, पण तिचा रोख चुकतो. तिथे सळई फिरवून उपयोग नाही आणि स्क्रू मारून तर मुळीच नाही. मान सोडवून, तिचा कोन दुरुस्त करून, ती पुन्हा बसवावी लागते. म्हणजे सांधा घट्ट करायचा नसतो, उघडायचा असतो. आम्ही नेमके उलटे केले होते.

आमच्या पिढीला गिटार चर्चमध्ये पाहण्याची इतकी सवय झाली आहे की ती तिथे नवीन आहे, हे लक्षातच येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवून, पवित्र कार्याला योग्य ठरतील अशी इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारावीत, अशी मुभा देण्यात आली. लॅटिनची जागा लोकभाषेने घेतली. आपल्याकडे मराठी मिस्साबरोबर पेटी व तबला आले, तशी तरुणांच्या हातातली गिटारही आली. ऑर्गन वा व्हायोलिन शिकण्यासाठी गुरू आणि वर्षे लागत. गिटारीवर चार-पाच स्वरमेळ बसले की रविवार साजरा होई. वाद्य आले, वाजवणारे आले. दुरुस्त करणारे मात्र त्यांच्याबरोबर आले नाहीत.

युरोपातही हा सांधा एका दिवसात सिद्ध झाला नाही. आंतोनियो स्त्रादिवारी या थोर इटालियन कारागिराच्या काळी व्हायोलिनीची मान आतल्या ठोकळ्याला सरसाने चिकटवून वर आतून लोखंडी खिळे ठोकीत. स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७३९ मध्ये, पोर्तुगीजांच्या हातून वसई गेली. वसई त्यांच्याकडे असतानाच्या दोन शतकांत चर्चच्या आश्रयाने जी तंतुवाद्ये या किनाऱ्यावर वाजली असतील, त्यांचा जमाना हा खिळ्यांचा होता. पुढे मैफलीची दालने मोठी झाली, सूर चढा झाला, तारांचा ताण वाढला, आणि जुन्या माना त्याला पुरेनाशा झाल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कारागिरांनी जुन्या व्हायोलिनींच्या माना काढून लांब, मागे कललेल्या माना ठोकळ्यात खाच पाडून बसवल्या. आज मैफलीत वाजणाऱ्या स्त्रादिवारीच्या बहुतेक व्हायोलिनींचे धड मूळचे असते, टोकाची नक्षीही बहुधा त्याच्याच हातची असते, पण मधली मान दुसऱ्या कोणाची तरी असते. ज्यांच्या किमती कोट्यवधींत मोजतात, ती वाद्येही आपल्यापर्यंत पोहोचली ती कोणीतरी त्यांचा सांधा उघडला म्हणून.

गिटारीच्या बाबतीत दोन घराणी ठळक दिसतात. स्पॅनिश घराण्यात मान आणि आतला ठोकळा एकाच अंगाचे असतात. मानेच्या टाचेतच दोन्ही बाजूंना खाचा पाडून त्यांत धडाच्या वाकवलेल्या फळ्या अडकवतात, आणि मानेभोवती धड उभे राहते. आधुनिक स्पॅनिश गिटारीला आकार देणारा आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) याच्या परंपरेत हीच रीत चालत आली. तिथे सांधा असा नसतोच, म्हणून तो सुटतही नाही. पण कोन बिघडला तर मान काढणे जवळजवळ अशक्य होते. पाठीची फळी सोडवून टाच किंचित सरकवावी लागते किंवा पडद्यांची पट्टी रंधावी लागते. या गिटारीच्या तारा पूर्वी आतड्याच्या होत्या, आज नायलॉनच्या आहेत. त्यांचा ताण पोलादी तारांच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून ही रीत निभावून जाते.

दुसरे घराणे व्हिएन्नातून निघाले. योहान गेओर्ग स्टाउफर हा तिथला नामवंत गिटारकार. घड्याळाच्या किल्लीसारखी किल्ली टाचेत घालून फिरवली की मानेचा कोन बदलावा, अशी सोय त्याने केली होती. ज्या दुखण्याने आमची गिटार गेली, त्याचे निदान व्हिएन्नात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेले होते. स्टाउफरकडे शिकलेला क्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन गावचा, १७९६ साली एका सुताराच्या घरी जन्मलेला. गावात व्हायोलिनकारांचा संघ प्रबळ होता. कपाटे करणाऱ्या सुतारांनी गिटारी करू नयेत, असा त्यांचा हट्ट होता आणि हा वाद वर्षानुवर्षे चालला. त्याला कंटाळून मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला गेला. पुढे १८३९ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातील एका छोट्या गावी तो स्थायिक झाला. मोरेव्हियन पंथाच्या भाविकांनी वसवलेल्या त्या गावाचे नाव नाझरेथ. सुताराच्या या मुलाला आसरा मिळावा तो संत योसेफाच्या गावाचे नाव घेतलेल्या गावात, हा योगायोग आपल्या वाचकांना आवडेल.

मार्टिनच्या कारखान्यात पुढे जो सांधा रूढ झाला, त्याला डव्हटेल म्हणतात. आपले सुतार साल आणि कूस करतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की कूस पारव्याच्या पिसारलेल्या शेपटासारखी टोकाकडे रुंद होत जाते. तशाच आकाराच्या खाचेत ती वरून खाली उतरवतात. तारा जितक्या ओढतील तितकी ती अधिक आवळली जाते, समोर निसटू शकत नाही. ती सोडवण्याची एकच वाट, जिथून आत गेली तिथूनच तिला वर काढायचे. आणि ती वाट सरसाने राखलेली असते.

सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे शिजवून काढलेला चिकट पदार्थ. थंड असताना तो काचेसारखा कठीण, पण सुमारे साठ अंश उष्णता आणि ओलावा मिळाला की पुन्हा पातळ होतो. सुताराला वाटणारा हा त्याचा अवगुण वाद्यकाराला वरदान वाटतो. पोलादी तारा १९२० च्या दशकात सर्रास आल्या आणि मान काढून पुन्हा बसवणे हे प्रत्येक जुन्या गिटारीच्या आयुष्यातील एक संस्कार होऊन बसले. कारागीर आधी मानेच्या पट्टीचा धडावर टेकलेला भाग इस्त्रीसारख्या उपकरणाने तापवतो आणि पातळ सुरी फिरवून मोकळा करतो. सांध्याच्या जागेवरचा एक पडदा उपटतो, त्याखालील खाचेतून बारीक छिद्र पाडतो, आणि नळीने वाफ थेट खाचेच्या पोकळीत सोडतो. काही मिनिटांत सरस विरघळतो आणि मान हलक्या दाबाने वर येते. मग टाचेच्या दोन्ही गालांवरून लाकडाचा अगदी पातळ थर, खाली जास्त व वर शून्य असा, तासतात. टाचेच्या तळाशी एक मिलिमीटर लाकूड गेले की घोडीपाशी मानेचा रोख सुमारे तीन मिलिमीटर उंचावतो. सैल झालेल्या कुशीच्या बाजूंना लाकडाच्या चिपा चिकटवून ती पुन्हा चपखल करतात, नवा सरस लावून शिकंजात आवळतात. काढलेला पडदा परत बसला की छिद्रही दिसत नाही.

हे सारे वाचताना मला राहून राहून मिरज आठवत होती. तंतुवाद्याची मान बसवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे कसे म्हणावे? एकोणिसाव्या शतकात मिरजेचे शिकलगार तलवारींना धार लावीत, शस्त्रे घडवीत. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली. त्या काळी फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्तीतूनच निर्मितीकडे गेले, अशी मिरजेची परंपरा सांगते. पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठी पिकणारे कडू भोपळे सुकवून त्यांवर तिथले तंबोरे व सतारी उभ्या राहतात. भोपळा आणि लाकडी दांडी यांच्यामध्ये गळ्याचा भाग असतो. तिथला सांधा सरसाने बसवतात आणि वर कोरीव पानांची नक्षी येते. तारांच्या ओढीने तो सांधाही कालांतराने हलतो, दांडी पुढे झुकते, आणि मग कारागीर तो उघडून पुन्हा बसवतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या कलेचा प्रारंभ दुरुस्तीत आहे, ही गोष्ट मला त्या मानांकनाइतकीच मोलाची वाटते. जो आधी उघडायला शिकला, तोच नीट जोडायला शिकला.

मग भिवंडीत आम्हाला सरस का आठवला नाही? कारण तो आमच्या डोळ्यांसमोरून केव्हाच गेला होता. सरस रोज भिजत घालावा लागे, मंद आचेवर शिजवावा लागे, त्याला वास येई, पावसाळ्यात तो दगा देई. बलवंत पारेख यांच्या उद्योगाने १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आणला आणि सुताराची ती कटकट संपली. पलंग आणि दारे यांना तो उत्तम, त्यात शंका नाही. पलंगाला पुन्हा उघडायचे नसते. वाद्याला उघडायचे असते, हा भेद आम्हाला कळला नाही. दोष चिकटवणाऱ्या पदार्थाचा नव्हता आणि मिस्त्रींचा तर नव्हताच.

या गावाला हा भेद कधी ठाऊक नव्हता, असेही नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी घेतली. त्यानंतर भिवंडी, कल्याण व पनवेल येथे त्यांनी लढाऊ नौका बांधल्याची नोंद १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज नौकाबांधकाम करणारा आणि त्याची माणसे होती. वसईच्या कप्तानाने मन वळवून त्यांना काम सोडायला लावले. आरमाराच्या या प्रारंभाचा राजकीय अर्थ इतिहासकारांनी सांगितलाच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लाकडी गलबत खाऱ्या पाण्यात कायमचे टिकत नाही. फटी पुन्हा पुन्हा बुजवाव्या लागतात, कुजलेली फळी काढून तिथे नवी बसवावी लागते. शेजारची फळी न फोडता एक फळी काढता आली तरच गलबत जगते. खाडीकाठच्या ज्या गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी ही विद्या राबली, तिथेच आम्ही एक लहानसा सांधा कायमचा बुजवून टाकला.

शेवटी आम्ही ती गिटार मुंबईच्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांनी टाचेवर बोट फिरवले, स्क्रूचे डोके पाहिले आणि एवढेच म्हणाले, “बाबांनो, तुम्ही दार लावले आणि किल्ली आत टाकली.” वाफ देऊन काही होईना. अखेर बारीक करवतीने टाचेपाशी मान कापावी लागली. मूळ कूस कायमची गेली. तिच्या जागी त्यांनी टाचेत धातूच्या आट्यांच्या नळ्या बसवल्या आणि धडाच्या आतून दोन बोल्टनी मान आवळली.

हा बोल्ट पाहून मला प्रथम वाईट वाटले, जणू वाद्याला कुबडी दिली. पुढे कळले की हाही त्याच इतिहासाचा एक टप्पा आहे. कॅलिफोर्नियात १९७४ साली सुरू झालेल्या टेलर कंपनीने बोल्टच्या मानेला प्रतिष्ठा दिली. १९९९ मध्ये तिने आणलेल्या रचनेत तर मानेचा कोन ठरतो तो खाचेत ठेवलेल्या, अचूक मापाच्या पातळ पट्ट्यांनी. पट्टी बदला, कोन बदलतो. ज्याला पूर्वी वाफ, सुरी आणि काही दिवस लागत, ते काम थोड्या वेळात होते. डव्हटेलचा सूर अधिक गोड की बोल्टचा, यावर जाणकार अजून भांडतात. पण स्टाउफरची किल्ली, मार्टिनचा सरस आणि टेलरचा बोल्ट यांचा हेतू एकच. आज मी जोडतो आहे, उद्या दुसऱ्या कोणाला हे उघडावे लागेल, त्याची सोय मी करून ठेवतो.

मान बसवण्यापूर्वी त्या कारागिरांनी आतल्या ठोकळ्यावर पेन्सिलीने काही लिहिले. मी विचारले तेव्हा त्यांनी दाखवले. दुरुस्तीची तारीख, किती लाकूड तासले त्याचे माप आणि बोल्ट कोणत्या आकाराच्या पान्याने उघडतात ती नोंद. स्वतःचे नाव नव्हते. “हे कोणासाठी?” मी विचारले. “पुढच्या माणसासाठी,” ते म्हणाले. “तो मला ओळखत नसणार. पण त्याने मला शिव्या देऊ नयेत.”

ते कारागीर आता नाहीत. आमचे मास्तरही गेले. गिटार आहे. दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरातील रोझरीच्या महिन्याआधी, गायनवृंदाची मुले तिच्या पडद्यांवर लांब सरळ पट्टी ठेवून पाहतात. पट्टीचे टोक घोडीच्या लाकडाच्या माथ्याला टेकले तर मानेचा रोख ठीक, त्याखाली आदळले तर मान पुढे झुकली. दोनदा असे झाले, आणि दोन्ही वेळा मुलांनी आतली नोंद वाचून, योग्य पाना आणून, बोल्ट उघडले, कागदासारखी पातळ चीप घातली आणि मान परत बसवली. पेन्सिलीच्या त्या नोंदीखाली आता आणखी दोन तारखा आहेत.